बाईंनी खोडलेला प्रश्न

नागरिकशास्त्राच्या बाईंना सगळी शाळा 'लालबाई' म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाई डबा विसरल्या असतील, छत्री विसरल्या असतील, पण पर्समधलं लाल पेन एकदाही विसरल्या नाहीत. मुलांच्या वह्या तर त्या तपासायच्याच, पण रजेच्या अर्जात आईबापांनी केलेल्या चुकाही सोडायच्या नाहीत. एकदा शिपाईमामांनी फळ्यावर लिहिलेली सुट्टीची सूचना आधी त्यांनी दुरुस्त केली आणि मगच सुट्टीचा आनंद मानला.

विषय वीस मार्कांचा, म्हणून शाळा त्याच्याकडे सरळ कानाडोळा करायची. बाई मात्र ते वीस मार्क शंभराच्या थाटात शिकवायच्या. दर वर्षी त्या विद्यार्थी प्रतिनिधींची खरीखुरी निवडणूक घ्यायच्या. खडूच्या खोक्याला चीर पाडून मतपेटी करायची, दोन बाकं उभी करून आडोसा करायचा आणि मत दिलेल्या बोटावर लाल पेनाचा ठिपका द्यायचा. "प्रश्न विचारणं हा नागरिकाचा पहिला हक्क," हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणायच्या, की मागच्या बाकावरची मुलं ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची.

बाईंची आणखी एक सवय होती, ती मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. बाई शाळेत पाणी प्यायच्या नाहीत. सकाळी घरून अर्धा कप चहा घेऊन निघायच्या, ते संध्याकाळी पाचला घरी गेल्यावरच घशाखाली पाणी. शिक्षिकांचं स्वच्छतागृह सायकल स्टँडच्या मागे, त्याला आतून कडी नाही. जायचं तर बाहेर कुणाला तरी पहाऱ्यावर उभं करावं लागे. मुतखड्यासाठी त्यांचं दोनदा ऑपरेशन झालं. "पाणी का पीत नाही?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सवय नाही." सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं डॉक्टरसमोर खोटं बोलावं, यातच सगळं आलं.

मुलींचं त्याहून वाईट. तीनशे चाळीस मुलींना दोन खोल्या, एकीचं दार बिजागरीतून निखळलेलं आणि दोन्हींत पाण्याचा पत्ता नाही. मुली घरून बाटल्या भरून आणायच्या आणि तशाच भरलेल्या परत न्यायच्या. पोरी पाणी पीत नाहीत म्हणून आया घरी ओरडायच्या, आणि पोरी आपल्या मूग गिळून बसायच्या.

बरं, दुसरं स्वच्छतागृह नव्हतं का? होतं की! सभागृहाला लागून, पांढऱ्या फरश्यांचं, चार नळांचं, आरशाचं. तीन वर्षांपूर्वी नगराध्यक्षांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दाराशेजारी काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत साहेबांचं नाव आणि खाली लहान अक्षरांत 'मुलींसाठी'. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी त्याला जे कुलूप लागलं ते लागलंच. किल्ली मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे खिळ्याला. तपासणी आली, पाहुणे आले, की उघडायचं. एरवी का नाही? तर हेडसर म्हणायचे, "मुली घाण करतात हो." म्हणजे मुलींसाठी बांधलं आणि मुलींपासूनच जपून ठेवलं. या उत्तरानं कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जावी. बाईंचीही जायची, पण स्टाफरूमच्या दारापर्यंत येता येता ती विझायची.

तर अशा त्या शाळेत नगराध्यक्ष यायचे ठरले. विद्यार्थी प्रतिनिधींना ते 'नेतृत्व म्हणजे काय' हे शिकवणार होते. प्रत्येक प्रतिनिधीनं एक प्रश्न लिहायचा, बाईंनी तो तपासायचा आणि यादी आठ दिवस आधी साहेबांच्या स्वीय सहायकाकडे पाठवायची. म्हणजे उत्तरं टाइप होऊन येतील आणि कुणाची पंचाईत होणार नाही.

बारा चिठ्ठ्या आल्या. त्यांतली सातवी चिठ्ठी नववीतल्या एका मुलीची होती. जाड भिंगांचा चष्मा म्हणून वर्गात तिला 'ढापणी' म्हणत आणि एकशे ऐंशी मतांनी ती निवडून आली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला कुलूप का?'

बाईंनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"प्रश्न बरोबर आहे गं. पण पाहुण्यांसमोर असं बरं दिसत नाही. त्यांना अवघडल्यासारखं होईल."

"आणि आम्हाला रोज होतं त्याचं काय, बाई?"

यावर बाईंनी पर्स उघडली. लाल पेन काढलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'आपल्या यशाचं रहस्य काय?' पोरीनं चिठ्ठी वाचली, चष्मा नाकावर सरकवला आणि निघून गेली. बाईंना वाटलं होतं, ती वाद घालील. तिनं घातला नाही, हेच बाईंना दिवसभर सलत राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच शिपाईमामांनी ते कुलूप काढलं, साबण ठेवला, कोरा टॉवेल टांगला. अर्थात पाहुण्यांसाठी. एक मुलगी तिकडे वळली तर हेडसरांनी डोळे वटारले.

साहेब आले. जेमतेम चाळिशीचे, पांढरेशुभ्र कपडे आणि माईकची गरज नाही असा आवाज. शाळेत असताना याच आवाजासाठी त्यांना 'भोंग्या' म्हणत. हो, याच शाळेत, याच बाईंच्या हाताखाली. "पुढाऱ्याचं तोंड लहान आणि कान मोठे हवेत," असं म्हणून ते सलग चाळीस मिनिटं बोलले. मग प्रश्न सुरू झाले. साहेबांपुढे टाइप केलेला कागद होता. चौथ्या मुलाचा प्रश्न अर्धाच झाला होता, तोवर साहेबांनी त्याचं उत्तर वाचायला घेतलं. पाचव्याचं तर त्यानं तोंड उघडायच्या आत! मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. हेडसर मान डोलवत होते.

सहावा प्रश्न झाल्यावर साहेबांनी कागद बाजूला ठेवला.

"एक गंमत सांगतो. मी तुमच्याएवढा असताना असाच प्रतिनिधी होतो. तेव्हाचे नगराध्यक्ष येणार होते. मी पण प्रश्न लिहिला, असलाच काहीतरी, शाळेतल्या गैरसोयीचा. या आपल्या बाईंनी तो लाल पेनानं खोडला आणि लिहिलं, 'आपल्या यशाचं रहस्य काय?' त्या दिवशी मी राजकारणातला पहिला धडा शिकलो. अडचणीचा प्रश्न येण्याआधीच गाळायचा! आज माझ्या यशाचं रहस्य विचाराल, तर या बाई!"

सभागृहात हशा पिकला. टाळ्या पडल्या. हेडसर तर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बाईंच्या कानशिलात मात्र सणकन चपराक बसल्यासारखं झालं. 'असलाच काहीतरी'? त्यांना तो कागद अक्षरन् अक्षर आठवत होता. भोंग्याची थोरली बहीण त्यांच्याच वर्गात होती. गणितात हुशार, गोड गळ्याची. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह सोडाच, साधा आडोसाही नाही म्हणून नववीच्या मध्यावर तिनं शाळा सोडली. पंधरा वर्षांच्या भोंग्यानं कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं होतं, 'माझ्या ताईला शाळा का सोडावी लागली?' आणि बाईंनी तो प्रश्न खोडला होता. का? तर पाहुण्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. चोवीस वर्षांत त्यांच्या हातून दोन प्रश्न खोडले गेले, आणि दोन्ही एकच होते. जन्मभर त्या हक्क शिकवत आल्या, आणि हा एवढा मोठा विद्यार्थी शिकला काय, तर खोडायला. त्यांना त्याचा संताप आला, हेडसरांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या पेनाचा आला.

"प्रश्न क्रमांक सात," निवेदक मुलगा म्हणाला. ढापणी चिठ्ठी घेऊन उभी राहिली.

बाईही उभ्या राहिल्या. "बाळ, ती चिठ्ठी ठेव. तुझा प्रश्न विचार. मी खोडलेला."

पोरीनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "साहेब, मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला तीन वर्षं कुलूप का आहे?"

साहेबांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "कुलूप? अगं, मीच तर बांधून दिलंय ते! माझं नाव आहे त्यावर."

"हो, पाटी आम्ही रोज वाचतो. दार उघडत नाही."

हेडसर धडपडत उठले. "वेळेअभावी आता आभारप्रदर्शन..."

"बसा सर," बाई म्हणाल्या. आजवर हेडसरांना कुणी असं बसवलं नव्हतं. ते चक्क बसले.

साहेब सावरले. "छान प्रश्न. मला लेखी द्या, आपण समिती नेमू."

"लेखी दिलेला आहे," बाई म्हणाल्या. "चोवीस वर्षांपूर्वी तूच दिलास. तुझी ताई शाळा सोडून घरी का बसली, ते सांग या मुलांना. तेव्हा मी तुला विचारू दिलं नाही, ते माझं पाप. आता मी खोडत नाही. सांग."

साहेबांनी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच पुन्हा लावलं. तो भोंग्याचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "ताईला मध्ये आणायला नको होतं, बाई," एवढंच ते पुटपुटले आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून उठले. जाताना त्या पाटीपाशी क्षणभर थांबले. मग गाडीत बसून गेले.

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मामा कुलूप घेऊन निघाले.

"मामा, ते इकडे द्या. किल्लीसकट."

"हेडसर मला फाडून खातील, बाई."

"मी घेतलं म्हणून सांगा."

मामांची धाकटी आठवीत होती. त्यांनी कुलूप बाईंच्या हातात ठेवलं आणि हेडसर दिसू नयेत म्हणून लांबच्या वाटेनं गेले. बाईंनी कुलूप पर्समध्ये टाकलं. ते लाल पेनावर खणकन आपटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला बाईंनी वर्गातून चक्कर मारली. मुलींच्या बाकांवर बाटल्या होत्या, बहुतेक रिकाम्या. ढापणीच्या बाटलीत चार घोट उरले होते. बाईंनी ती उचलली, विचारलंही नाही, आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी हेडसरांचा मेमो आला. 'शाळेच्या मालकीचे कुलूप आपण कोणत्या अधिकाराने ताब्यात घेतले, याचा चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.' बाईंनी सवयीनं त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली. मग खाली त्याच लाल शाईत लिहिलं, 'कुलूप माझ्याकडेच आहे आणि माझ्याकडेच राहील. ते काढायला मला तीन वर्षं आणि तो प्रश्न विचारू द्यायला चोवीस वर्षं का लागली, याचा खुलासा मात्र माझ्यापाशी नाही.'