खांबामागचा पखवाज

शांततेसाठी भजन करा, असं पुण्याच्या सभांतून ज्यांनी आम्हाला सांगितलं ते स्वतः एकदाही आमच्या सतरंजीवर येऊन बसले नाहीत. बसले असते तर कळलं असतं. आमच्या जामखेडच्या मंडळात सहा महिन्यांत इतके किस्से साठले, की कुणी मित्र भेटला की मी सांगत सुटतो. मित्र हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

मंडळ मीच काढलं. पुण्याहून बी.ए. होऊन आलो होतो, फाळणी होऊन देशात कापाकापी चालली होती, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात शांततेची प्रार्थना म्हणून भजन करायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. अट एकच घातली: पखवाज हुसेनभाई पिंजारीच वाजवणार. ते भजनात मधोमध बसलेले दिसताहेत तोवर आमच्या गावाला काही होत नाही, अशी माझी खात्री.

*

पहिल्याच गुरुवारी, वरच्या आळीचा अभंग आधी की खालच्या आळीचा, यावरून जुंपली. एकाने टाळ फेकून मारला, दुसऱ्याचं कपाळ फुटलं. हुसेनभाईंनी पिशवीतला कापूस काढून जखमेवर दाबला आणि मला म्हणाले, "कालेजवाले, देशाची शांती जरा ऱ्हाऊ द्या. आधी ह्या दोघांची करू."

*

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. रेशनवर गहू मिळेना. मी म्हटलं, ज्वारीचं लावा, पीठ ते पीठ. पहिल्या अभंगातच गोळा तडकला आणि तुकडे आमचे बुवा दगडूअण्णा यांच्या मांडीवर पडू लागले. अण्णा डोळे मिटून गात होते. एक डोळा उघडून म्हणाले, "हुसेन, भाकरी भजन झाल्यावर वाढ की."

पुढच्या गुरुवारी हुसेनभाई घरून मूठभर कणीक घेऊन आले. कुठून आणली, ते सांगितलं नाही.

*

निजामाच्या मुलखाची हद्द आमच्यापासून जवळच. तिकडून माणसं गाठोडी घेऊन येऊ लागली. रझाकारांनी त्यांची घरं जाळली होती. ते ऐकून गावाचे चेहरे बदलले. त्याचा जाब हुसेनभाईंना विचारायचा, असं कुणी बोललं नाही. फक्त एवढंच विचारलं, "पिंजारी मधीच कशाला बसतोय?"

दगडूअण्णा भला माणूस. त्यांनी तोड काढली. "हुसेन, तू खांबामागं बस. आवाज तर येईलच की."

हुसेनभाई उठून खांबामागे जाऊन बसले. मी उभा राहून तावातावाने भाषण केलं. माणुसकी, बंधुभाव, सगळं बोललो. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान बोललात. आता सूर धरा."

मी धरला.

*

लय वाढवायची असली की अण्णा तोंडाने सांगत नाहीत, गाता गाता डावा हात उचलतात. तो हात बघून पखवाज लय वाढवतो. खांबामागून हात दिसत नाही. अण्णा पुढे गेले, पखवाज मागे राहिला, टाळ भलतीकडे. वीस वर्षं अण्णांना साथ करणाऱ्या हुसेनभाईंचा ताल पहिल्यांदा तुटला.

"बघितलं? मुद्दाम मोडतोय," कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग तिसरं.

भजन संपल्यावर सगळा घोळका मिळून बाहेर पडला आणि मुद्दाम वाट वाकडी करून, हुसेनभाईंच्या दारावरून आरोळ्या देत घरी गेला. हुसेनभाई अजून देवळातच होते, पखवाजाला खोळ घालत. मला म्हणाले, "अन्नांचा हात दिसला न्हाई हो."

*

पुढच्या गुरुवारी ते आलेच नाहीत. मी त्यांना आणायला निघालो. रस्ताभर वाक्यं जुळवली: आज तुम्ही अण्णांसमोरच बसायचं, नाहीतर मीही गाणार नाही.

दार त्यांच्या बायकोने, अमीनाभाभींनी उघडलं. आत हुसेनभाई कापूस पिंजत होते. त्यांनी मान वर केली नाही. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. भाभींना म्हटलं, "भजनाची वेळ झाली. त्यांना पाठवता?"

भाभींनी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं.

"आज गुरुवार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत, भाऊ. कडी आत्ताच लावून घेते."