झोपलेल्या दैवाचा दुसरा शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, परदेशातल्या मुलाला नाही, देवासमोरही नाही. तिथे तर मी हात जोडून भलतंच काहीतरी बोलत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं किती सोपं असतं, हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. ते का, ते कळेलच.

सुरुवात कुठून करू? फार मागून करते, म्हणजे मुद्द्यावर यायला थोडा उशीर होईल. ही माझी जुनी सवय आहे.

माझी धाकटी बहीण नंदा जन्मली तेव्हा मी आठ वर्षांची होते. सहाव्या दिवशी घरात सटवाईची पूजा झाली. पाटा मांडला, त्यावर वरवंटा उभा केला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येते आणि बाळाचं सगळं आयुष्य लिहून जाते, तेव्हा तिची अडचण नको म्हणून. मोठी माणसं जेवायला बसली. मी त्या खोलीत एकटी होते, पेन नवं होतं आणि कागद कोरा. मी त्यावर एक घर काढलं. उतरतं छप्पर, एक दार, एक खिडकी. मग मुलगी काढायची राहिली म्हणून तिला खिडकीत काढलं, कारण बाहेर जागा उरली नव्हती.

मावशीने ते पाहून माझ्या पाठीत धपाटा घातला. आई मात्र बाजेवर पडल्या पडल्या हसली. म्हणाली, लिहिलं ते लिहिलं, परक्या बाईपेक्षा ताईने लिहिलेलं बरं. हा घरातला विनोदच होऊन बसला. नंदा दहावीला गणितात काठावर पास झाली तेव्हाही म्हणाली, माझं काय चुकलं, ताईने लिहिलंय तसं झालं. आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

आता पंचेचाळीसेक वर्षांची उडी मारते. बँकेतून मी लवकर निवृत्ती घेतली. मुलगा बाहेर गेलेला, नवरा वर्तमानपत्र पुरवून पुरवून वाचणारा. करायचं काय? मी एक पेज काढलं. ‘कपाळीची रेघ’. रोज सकाळी साडेसहाला एक छोटी जुनी लोककथा आणि तिच्याखाली दोन ओळी, दैवाच्या, काळाच्या, ‘ज्याची वेळ यायची ती येतेच’ छापाच्या. नाव दिलं नाही, फोटो दिला नाही, नुसती समई. बँकेतल्या जुन्या मैत्रिणी हसल्या असत्या, दुसरं काय. नवऱ्याला सांगावंच लागलं, कारण दुसऱ्या बेडरूमचा पलंग काढून मी तिथे टेबल लावलं. समईचे फोटो काढायला बुधवार पेठेतून मोबाईलचा स्टँड आणि एक गोल दिवा आणला. नवरा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “आता नियतीसुद्धा घरपोच का?”

घरपोचच होती. सात-आठ महिन्यांत लोक जमले, मग पुष्कळ जमले. रोज कुणीतरी खाली लिहायचं, हे आज माझ्यासाठीच होतं. कुणी म्हणायचं, आज नेमकं हेच वाचायचं होतं, हा योगायोग नाही. खरी गोष्ट सांगू? मी आठवड्याच्या सातही पोस्ट रविवारी सकाळी एका बैठकीत लिहायचे, दडपे पोहे खाता खाता, आणि वेळ लावून ठेवून द्यायचे. गुरुवारी कुणाचं लग्न मोडणार आणि कुणाला गुरुवारीच धीर मिळणार, ते रविवारी माझ्या टेबलावर तयार असायचं. सटवाई बिचारी दर बाळामागे एक फेरी मारते. मी हजारोंचं एकदम उरकायचे. आणि आवडायचं मला ते — हे लपवण्यात काय अर्थ आहे?

नंदाही ते पेज वाचायची. मला माहीत होतं. कधीतरी मलाच पाठवायची, ताई, हे वाच, किती छान लिहितात. मी अंगठा पाठवायचे. एकदा सांगावंसं वाटलं होतं, पण राहून गेलं. राहून गेलं की मी राहू दिलं?

नंदा कर्वेनगरला आईबरोबर राहायची, एका शाळेच्या कार्यालयात काम करायची. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे आधी वडील गेले, मग आईचं, मग वय. आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं नंदाकडे आलं. मी स्कूटरवरून दहा मिनिटांच्या अंतरावर. आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जायचे आणि येताना थकून यायचे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पेजवर एक निरोप आला. जास्वंदीच्या फुलाचा फोटो आणि माझ्या बहिणीचं नाव. ‘नमस्कार. आपण मला ओळखत नाही, तरी धाडस करून लिहिते आहे.’ माझी सख्खी बहीण मला ‘आपण’ म्हणत होती. ते वाचताना मला आधी हसू आलं. मग मी खाली वाचत गेले.

कोल्हापूरचे एक शिक्षक होते, विधुर. पेपर तपासणीच्या वेळी ओळख झाली होती, वर्षभर फोनवर बोलत होते. त्यांनी विचारलं होतं. ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘माझी मोठी बहीण आहे. तिच्याकडे एक खोली मोकळी आहे. आईला ती सांभाळेल, मी दर महिन्याला येईन. पण ताईला कसं विचारू ते कळत नाही. ती नाही म्हणणार नाही. पण तिच्या तोंडावर जे येईल ते मला बघवणार नाही. माझ्या नशिबात हे आहे का, आपल्याला काय वाटतं?’

मी दोन दिवस काही केलं नाही. फोन हातात होता. दहा मिनिटांवर घर होतं. ‘अगं वेडे, विचारायचं काय त्यात’ असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी त्या मोकळ्या खोलीत जाऊन बसले आणि खोलीकडे बघत राहिले. इथे आईची कॉट येईल. कोपऱ्यात कमोडची खुर्ची. तो वास. माझं टेबल हॉलमध्ये जाईल, नाहीतर जाणारच नाही कुठे. पैशाची अडचण नव्हती. तब्येतीची नव्हती. नवराही नाही म्हणाला नसता. मला ते नको होतं, एवढंच. तिच्या मते माझ्या तोंडावर जे आलं असतं, ते त्या खोलीत मी एकटी बसले असताना माझ्या तोंडावर होतं.

तिसऱ्या दिवशी मी पेजच्या नावाने लिहिलं, ‘उत्तर उद्याच्या गोष्टीत मिळेल.’

आणि गोष्ट निवडली. झोपलेल्या दैवाची. ही आई मला सांगायची. एका मुलीचं काहीच धड होत नाही. पेरलं तर उगवत नाही, लावलेलं दूध विरजत नाही. एक म्हातारी तिला सांगते, तुझं दैव सात डोंगरांपलीकडे झोपलंय, जा, उठव त्याला. मुलगी भाकरी बांधून निघते. सात डोंगर ओलांडून पोहोचते, बघते तर झाडाखाली दैव घोरतंय. ती त्याला हलवून उठवते. ते डोळे चोळत म्हणतं, “इतका उशीर केलास? मी तुझीच वाट बघत पडलो होतो.” इथे आई मला कुशीत ओढायची. ही गोष्ट नंदाला माहीत नव्हती. ती चार वर्षांची असताना वडील गेले, आई संध्याकाळी लोकांचे डबे करायला लागली आणि गोष्टी बंद झाल्या. माझ्या वाट्याला सगळ्या आल्या, तिच्या वाट्याला एकही नाही.

मी शेवट बदलला. माझ्या गोष्टीत मुलगी सात डोंगर ओलांडून जाते तेव्हा झाडाखाली कुणीच नसतं. गुराखीण सांगते, ते आज पहाटेच उठून तुझ्या घराकडे गेलं, वाटेत चुकामूक झाली असेल. मुलगी धावत परत येते. घराला कुलूप बघून दैव कधीच निघून गेलेलं असतं. खाली दोन ओळी लिहिल्या. ‘दैव उंबऱ्याशी येतं. उंबरा सोडू नये.’ वर लिहिलं, ‘एक जुनी लोककथा’.

ती जुनी नव्हती. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता झालेली होती.

पुष्कळ लोकांना ती आवडली. नंदाने निरोप पाठवला, ‘कळलं. आपले आभार.’ मला तिने घरी कधी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारणार तरी कसं, मला माहीतच नव्हतं ना! त्या शिक्षकांनी चार महिने वाट पाहिली असावी. पुढच्या वर्षी त्यांचा बायकोबरोबरचा फोटो दिसला, कुठल्याशा देवळासमोर, दोघांच्याही गळ्यात हार. त्याखाली अंगठा देणाऱ्यांत नंदा होती.

सटवाईने लिहिलेलं खोडता येत नाही म्हणतात. माझ्या पोस्टच्या कोपऱ्यात खोडायची सोय होती, लहानशी पेन्सिल. त्या दिवशी होती, दुसऱ्या दिवशी होती, चार महिने रोज होती. दरवर्षी त्याच तारखेला ते ॲप मला ती पोस्ट पुन्हा दाखवायचं, ‘या दिवशीची आठवण’ म्हणून, फुगे सोडून. मी बोटाने बाजूला सारायचे.

गेल्या वर्षी आईचं मन मागे मागे जायला लागलं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले होते. नंदा तिचे केस विंचरत होती. आईने तिला मी समजून, आठ वर्षांची मी समजून, गोष्ट सांगायला सुरुवात केली. पेरलं तर उगवेना, दूध विरजेना. उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. आई एकही डोंगर न गाळता झाडापर्यंत आली. “इतका उशीर केलास? मी तुझीच वाट बघत पडलो होतो,” म्हणाली आणि नंदाचं डोकं धरून कुशीत ओढायला लागली. फणी केसांतच अडकली होती.

नंदा बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, ही गोष्ट मी वाचली होती. तिचा शेवट वेगळा होता.”

तेव्हा सांगता आलं असतं. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? मी म्हणाले, “लोककथाच त्या, गावोगाव बदलतात.”

ती “हं” म्हणाली. मी डबा धुतला, पिशवीत टाकला आणि घरी आले. चप्पलसुद्धा न काढता त्या खोलीत गेले आणि ती पोस्ट काढून टाकली. पश्चात्ताप म्हणून नाही. ती बघेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला रविवारी लावून ठेवलेली गोष्ट आपोआप गेली. कुठली होती ते आठवत नाही. सात वाजता पेजवर निरोप आला, जास्वंदीच्या फुलाचा. यावेळी ‘नमस्कार’ नव्हता, ‘आपण’ नव्हतं.

‘ताई, काढायची गरज नव्हती. माझ्याकडे जपून ठेवलेली आहे.’

तिला आदल्या दिवशी कळलं, की त्याच्या कितीतरी आधी, मला माहीत नाही. मी निरोप वाचला हे तिला तिकडे दिसलं असणार. मी उत्तर दिलं नाही.

दीड महिन्याने आई गेली, कर्वेनगरच्या घरातच. माझ्याकडे ती एक रात्रही राहिली नाही. पेज मी बंद केलं, पण त्याचा कुणाला काय उपयोग? खोलीत टेबल तसंच आहे.

नंदाकडे मी अजूनही आठवड्यातून दोनदा जाते. ती चहा करते, माझ्या कपात साखर कमी घालते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. मला काही बोलत नाही. ताई म्हणते, पूर्वीसारखंच. तिचं आयुष्य मी एका दुपारी लिहिलं, एका खोलीसाठी. आणि ते तिला माझ्याकडून कळलं नाही. तिचं तिला शोधून काढावं लागलं.