बोटीवरची शेगडी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही म्हणाल, बोटीच्या गोष्टीशिवाय याने आयुष्यात दुसरं सांगितलंय काय? खरं आहे. महाडच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर पोलादपुरात एका मयताच्या घरीसुद्धा मी ती रंगवलीय. मडमेच्या टोपीत कसा ओकलो, न्हाणीघर समजून पंचा गुंडाळून कप्तानाच्या खोलीत कसा शिरलो... लोक पोट धरून हसलेत. पण त्या गोष्टीच्या मधला एक तुकडा मी दर वेळी गिळलाय. इतक्या सफाईने, की कुणाला सांधा दिसला नाही.

तोच आज सांगायचाय. बघू, जमतं का.

मी तेव्हा पोलादपूरच्या काकूंकडे स्वयंपाकाला होतो. काकू विधवा, वय झालेलं, सोवळं कडक. पोरका पुतण्या त्यांनीच वाढवलेला. तो मुंबईत मोठा वकील झाला. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने बोटीची सफर ठरवली. कोलंबोपर्यंत जायचं, नुसतं हिंडून यायचं. काकू आल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणून बसला हटून. दुसऱ्या कुणासाठी काकू उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या. त्यांनी अट घातली: गणू बरोबर येईल, माझी शेगडी येईल, सावित्री नदीचं पाणी येईल. दासगावच्या धक्क्यावर मुंबईला जाणाऱ्या होडीत मी घागरी चढवत होतो तेव्हा नावाडी म्हणाला, "भटानू, दर्यावर चाललाव नि पानी घरचा नेताव?" सगळे हसले. मीही हसलो.

बोट म्हणजे काय सांगू! वर नाचघर, पोहायला तळं, संध्याकाळी बँड, आरामखुर्च्यांत ऊन खात पडलेले साहेब. आणि काकू खाली आपल्या खोलीत, गोल खिडकीकडे पाठ करून जप करत बसलेल्या. पुतण्या दिवसातून एकदा डोकावून "कसं वाटतंय?" विचारायचा आणि पत्त्यांच्या डावाकडे पळायचा. एवढ्या माणसांत काकूंशी बोलायला मी एकटा — आणि माझ्याशी त्या. जेवताना सगळं बोलणं पोलादपूरचं. गाय व्याली असेल का? यमुनेने आपल्या तुळशीला पाणी घातलं असेल ना? यमुनाबाई म्हणजे शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. दोघींचं परसदार एक होतं, मध्ये कुंपणसुद्धा नव्हतं.

भटारखान्यामागे आडोशाला शेगडी मांडायची मला परवानगी मिळाली होती. सुरुवातीला बरं चाललं. मग एका दुपारी वारा फिरला, ठिणगी उडाली आणि शेजारची ताडपत्री धुमसायला लागली. गोरा अधिकारी धावत आला. आधी त्याने ताडपत्री विझवली, मग माझी शेगडी निखाऱ्यांसकट उचलून समुद्रात फेकली. साधं चर्र झालेलंही ऐकू आलं नाही.

आता... इथून मी सरळ काकूंकडे जायला हवं होतं. निघतानाच त्यांनी सांगितलं होतं, अडलंच कुठे तर केळी चालतील, कोरडे पोहे चालतील. म्हणजे त्या उपाशी राहणार नव्हत्या. मग मी का गेलो नाही? शेगडी घालवणारा आचारी म्हणून हसं होईल, म्हणून. जन्मभर स्वतःवर लोकांना हसवणाऱ्याला हसण्याची भीती? होती. मी करून घेतलेलं हसं मला चालतं. झालेलं चालत नाही.

भटारखान्यात एक गोवेकर आचारी होता. त्याने भात दिला, उकडलेली भाजी दिली आणि वाडगाभर पातळ, वाफाळणारं काहीतरी दिलं. मी ते काकूंच्या पितळी पातेल्यांत ओतलं. अंगावर तांब्याभर पाणी घेतलं, ओलं सोवळं नेसलो, कपाळाला जरा कोळसा फासला आणि धापा टाकत खाली गेलो. काकूंनी त्या पातळाचा घोट घेतला. म्हणाल्या, "गणू, सार झकास झालंय. आज हात बसला हो तुझा."

कशाचं होतं ते? मी विचारलं नाही. गोवेकर सांगायला लागला होता — मीच हात वर करून त्याला थांबवलं. केवढी ही हुशारी! कोलंबो आलं, गेलं, बोट परत फिरली, आणि काकू रोज ते सार मागून घेत राहिल्या.

गावी आल्यावर कुजबुज सुरू झाली, की समुद्रावर राहून आल्यात, काकूंनी प्रायश्चित्त घ्यायला हवं. काकूंनी मला माजघरात बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"गणू, बोटीवर काही इकडचं तिकडे झालं असेल तर आत्ता सांग. मी पंचगव्य घेईन, उपास करीन, संपलं. तुला शब्दाने बोलायची नाही."

एवढं सताड दार कुणी कुणाला उघडून देतं का? मी म्हणालो, "नाही काकू. देवाशपथ." शपथ त्यांनी मागितलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई आल्या. त्यांचा मुलगा आफ्रिकेहून बोटीने परतला होता आणि गावाने त्याला प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं. त्या काकूंना म्हणाल्या, "घेऊन टाक गो. माझ्या मुलाने घेतलंन. बोटीवर कुणाचं सोवळं राहतं?"

"माझं राहिलं," काकू म्हणाल्या. "याला विचार."

मी मान डोलावली.

"म्हणजे माझा मुलगा तेवढा बाटला, नि तू राहिलीस होय गो स्वच्छ?"

तेवढ्यावर तुटलं. काकूंनी त्या घरचं पाणी पिणं बंद केलं, यमुनाबाईंनी परसात काट्यांचं कुंपण घातलं. काकू संध्याकाळी मागच्या दारात बसायच्या. वाती वळायच्या आणि कुंपणाकडे बघत राहायच्या. माझं तोंड त्यांच्या मागे चार हातांवर होतं. ते उघडलं नाही.

पुढे काकूंनी अंथरूण धरलं. अन्न जाईना. एका सकाळी यमुनाबाई कुंपणाशी आल्या, हातात पेजेची वाटी. मी विहिरीवर होतो. त्या मला म्हणाल्या, "तिला विचार, माझ्या हातची घेशील का म्हणावं."

मी आत जाऊन विचारलं. काकूंनी कुंपणाच्या बाजूला मान वळवली. डोळे भरले होते. मग म्हणाल्या, "बोटीवर राखलं, ते आता शेवटी मोडू? तिला सांग, मला चालत नाही."

मी बाहेर आलो आणि यमुनाबाईंना तसंच सांगितलं. शब्दसुद्धा बदलला नाही. त्या वाटीवर पदर धरून हळूहळू परत गेल्या.

आतून काकूंनी विचारलं, "गेली?"

"गेल्या," मी म्हणालो.