आडवा आलेला हात

सत्तरी उलटल्यावर आम्हीच बाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून ते दिवसभर खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचे. म्हणून माझ्या लेकीने त्यांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ लावून दिला. बटणांवर काही जमेना. जरा दाबलं की गाडी थेट गटारात. "ही हाताला जाणवतच नाही," बाबा कुरकुरले. मग टेबलाला घट्ट बसवायचं, पायाशी ब्रेक असलेलं स्टिअरिंग आणलं. वळणावर ते खऱ्यासारखी ओढ देतं, सैल सोडलं की आपसूक सरळ होतं. बाबांनी आधी त्याला नमस्कार केला आणि मग घाट चढायला घेतला.

मी डावीकडच्या खुर्चीत बसले होते. वळणावर अचानक समोर ट्रक आला. बाबांनी कचकन ब्रेक दाबला आणि त्यांचा डावा हात स्टिअरिंग सोडून माझ्यापुढे आडवा आला. लहानपणी मी पुढच्या सीटवर बसायचे तेव्हा यायचा, अगदी तसाच. खेळात रस्ता, वळण, ओढ सगळं हुबेहूब होतं. फक्त शेजारच्या सीटवर बसलेली मुलगी त्यात नव्हती; ती त्या हाताने आपल्या पदरची घातली.

"लागलं नाही ना गं?" बाबांनी विचारलं.

पडद्यावर गाडी कठडा तोडून दरीत चालली होती. तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.