पंपातून उतरलेलं पाणी

हे आत्ताच सांगतो, नाहीतर माझं पोट फुगंल. मी अन् मामानं गिरणीतला जुना पंप तलावाच्या पाळीखाली बसवला, उलट्या कामासाठी. पाणी चढवायचं नाही. तलावातून पाटात जाणारं पाणी पंपातून उतरवायचं, म्हणजे आतलं चाक फिरते अन् पट्ट्यानं मोटारीचा डायनामो फिरते. बल्ब लागला ना! मिणमिणता, पण लागला.

तलाव ज्यांचा, ते मालगुजार पाळीवर आले. "काढ तो पंप. विजेनं पाण्याचा दम निघून जाते, धान पोचट होईल. कायले गावाचं वाटोळं करून राहिला बे?"

"मालक, पाटात पाणी तर तेवढंच येते. पहिले आमच्या धानाच्या बांदीत, त्या बांधलेल्या तुकड्यात सोडा. धान पोचट निघालं, तर पंप मीच उखडतो."

"अन् मग खाशील काय?"

"बल्ब."

मामानं तोंड फिरवून हसू दाबलं.

कापणीला मी त्याच पाण्यावर पिकलेल्या आमच्या धानाची लोंबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी दाणा दातानं फोडला. टणक होता.

"यंदा पाऊस बरा होता," म्हणाले.

म्हणजे पिकलं ते पावसानं, बुडलं असतं तर माझ्यानं. पंप तिथंच आहे, अन् मी तो काढत नाही. तुमच्यासोबतही असंच झालं का?