साडेतीन महिन्यांचा नाताळ

आमच्या घरी एका वर्षी नाताळ साडेतीन महिने चालला. बाकीच्या जगाचा वेळेवर उरकला, आमचा काही संपेना. आणि याला जबाबदार मी, फक्त मी. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सोय नाही.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. आम्ही नेरुळला पहिल्या मजल्यावर राहायचो. मी, आमचे हे (कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून), नऊ वर्षांची रूथ आणि जालन्याहून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई. मी नुकतीच चाळिशी गाठली होती आणि चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी झाले होते. पद असं अंगात भिनलं होतं की भाजीवाल्याशीसुद्धा मी मिटिंगमध्ये बोलल्यासारखी बोलायचे!

नाताळनंतरचा रविवार. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "सण झाला की आपण चांदणी उतरवतो, खोक्यात भरतो, माळ्यावर टाकतो. विश्वासाचंही तेच करतो का? जानेवारीत तुमच्या घरी येशू कुठे असतो? माळ्यावर?"

सगळ्या मंडळीनं माना खाली घातल्या. शहाणी माणसं! मी मात्र ताडकन उभी राहिले. (उपदेश चालू असताना आमच्याकडे कुणी उभं राहत नाही. पण सेक्रेटरीला कोण अडवणार?)

"पाळकसाहेब, आमची चांदणी वर्षभर उतरणार नाही! नवं वर्ष लागलं की रोज संध्याकाळी सातला चांदणी लागेल, आणि सातच्या ठोक्याला आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होईल. प्रभूसमोर शब्द देते!"

यांनी माझा पदर ओढला. मला वाटलं, कौतुकानं ओढला.

"अगं, रोज?" बाहेर आल्यावर हे म्हणाले. "मी घरीच सव्वासातला येतो."

"मग पळत या!"

सासूबाई रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुनंदा, प्रार्थनेला चांदणी कशाला गं लागते?"

"आई, साक्ष असते ती! लोकांना दिसायला नको?"

"असं होय," त्या म्हणाल्या. घर येईपर्यंत मी त्यांना विश्वास म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनीही ऐकून घेतलं. (साठ वर्षं न चुकता प्रार्थना करणारी बाई होती ती!)

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकच. पहिल्या वर्षी शेजारी फराळाला यायला लाजत होते, म्हणून मीच दारोदार जाऊन सांगितलं होतं, "आमच्या गॅलरीत चांदणी लागलेली दिसली की समजायचं, फराळ तयार आहे. सरळ आत या!" तेव्हापासून सगळे दरवर्षी चांदणी बघून यायचे, करंज्या खायचे, वर डबा भरून न्यायचे. चर्चमध्ये शब्द देताना मला हे आठवलं नाही. बिल्डिंगला आठवलं.

दोन जानेवारी. संध्याकाळचे सात. चांदणी लावली. सतरंजी अंथरली. हे धापा टाकत येऊन बसले. मी पवित्र शास्त्र उघडलं, घसा साफ केला, "हे स्वर्गीय पित्या," म्हटलं आणि दार उघडलं.

"काय गो सुनंदा, अजून करंज्या हायत?" दारात भोईरकाकू. शिरवण्याच्या मूळच्या, आता आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. हातात डबा. "चांदनी पेटलेली दिसली, म्हनून आयलू."

त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं. त्यांच्यामागे त्यांचे पाहुणे.

उरलेल्या करंज्या गेल्या, चकल्या गेल्या, शेवटी डब्याच्या तळाचा चुरासुद्धा गेला. प्रार्थना राहिली. उद्या करू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बी विंग आली.

"सांग ना त्यांना, प्रार्थना आहे म्हणून," हे कुजबुजले.

"दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं? काय साक्ष राहील आपली?" मी म्हटलं आणि रवा भाजायला घेतला.

इथून पुढे माझी गाडी जी सुटली ती सुटलीच. दुपारी साडेतीनला पिशवी घेऊन बाजारात जायचं, रवा-खोबरं-तूप आणायचं, पाचला सारण, सहाला लाटणं, सातला चांदणी आणि कढई दोन्ही एकदम पेटवायची. प्रार्थना आधी आठवर गेली. मग जेवणानंतर. मग "आशीर्वाद मागा आणि झोपा" इथवर आली. शेवटी शेवटी मी झारा हातात धरून, डोळे उघडे ठेवून (तेल तापलेलं असायचं हो!) नुसतं "आमेन" म्हणायचे. त्याच्या आधी काय असतं ते सगळे विसरले होते. तरी रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "सुनंदाताई, शब्द पाळताय ना?" की मी छाती फुगवून सांगायचे, "रोज सातला! लोक सामील होतात, जागा पुरत नाही!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर माझी हुशारी!

संक्रांत आली. लोक तिळगूळ द्यायला आले आणि करंज्या खाऊन गेले. फेब्रुवारीत सोसायटीचे सेक्रेटरी सावंत भेटले. डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. पण हा नाताळ असतो किती दिवस? नाही, म्हणजे मिसेसनी डाएट सुरू केलंय. चांदणी दिसली की तिचं टेन्शन वाढतं."

"भाऊ, आमचा नाताळ बारा महिने!"

"अरे बापरे," सावंत म्हणाले. आणि संध्याकाळी आले. मिसेसना घेऊन.

होळीच्या आधी तर कहर झाला. एक अनोळखी गृहस्थ जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, सीवूड्सला तुमची ब्रँच आहे का?"

मी थकले होते. बोटं भाजली होती, गुडघे बोलायला लागले होते. चांदणी न लावता एक दिवस गुपचूप काढावा, असं शंभरदा मनात आलं. पण चर्चमधली निम्मी मंडळी आमच्याच रस्त्यानं जा-ये करायची. चांदणी विझलेली दिसली तर सुनंदाचा विश्वास विझला, असा बोभाटा झाला असता! प्रार्थना बुडाली तर ती मला आणि देवाला माहीत. चांदणी बुडाली तर नेरुळला माहीत! आणि यातल्या कुणाला जास्त भ्यायचं, ते मी तेव्हा ठरवून टाकलेलं होतं.

आणि मग गुड फ्रायडेच्या आठवड्यात, सोमवारी, पाळकसाहेब न कळवता आले. बरोबर सातला. सगळ्या मंडळीला रोजच्या प्रार्थनेची सवय लावायची, तर आधी सुनंदाताईंकडे कशी चालते ते डोळ्यांनी पाहू, म्हणून!

त्यांना जिन्यात रांग दिसली. बिचारे भारावले. हळूच पुढे सरकायला लागले, तर भोईरकाकूंनी दंडाला धरलं.

"ओ काका, लाईनीत या. आमी काय येडी हाय?"

पाळकसाहेब लाईनीत उभे राहिले. (काकूंपुढे तर म्युनिसिपालिटीही गुमान उभी राहायची!) नंबर लागला तेव्हा मी कढईत बघत होते. मान वर न करता विचारलं, "चार देऊ की सहा?"

"ताई, मी पाळक."

झारा तेलात पडला. मी चांदणीकडे बघितलं, चांदणीनं माझ्याकडे.

"बसा ना साहेब! आता प्रार्थना सुरूच करणार होतो!"

"मम्मी, सातला तर तू तळतेस," रूथ म्हणाली. या मुलीला संडे स्कूलमध्ये खरं बोलायचं बक्षीस मिळालं होतं. मीच दिलं होतं.

"मग प्रार्थना किती वाजता होते, बाळ?" पाळकसाहेबांनी विचारलं.

यांनी नजर छताला लावली. गेलं पद, गेली अब्रू, असं म्हणून मी डोळे मिटले. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच मिटले.

"चार वाजता," भोईरकाकू रांगेतून ओरडल्या. "ही बाजारात जाते ना, तवा. म्हातारी करते की रोज! भाजी निवडायला आमी चार-पाच जनी येतो, निवडून झाली की आजी शास्त्रातलं वाचते, मग हात जोडते. माझ्या सुनेला दिवस रायले तवापासून तिचं नाव घेते रोज. सावंतीनबाईच्या शुगरचं पन मागते."

"चांगलीये हो प्रार्थना," रांगेच्या शेवटून सावंतांच्या मिसेस म्हणाल्या.

मी सासूबाईंकडे वळले. त्या कोपऱ्यात बसून शांतपणे लसूण सोलत होत्या.

"आजी, तुम्ही कधी बोलला नाहीत?" पाळकसाहेब म्हणाले.

"काय बोलायचं, साहेब? आणि हिला सांगायचं तर ही घरात असायला पाहिजे. ती विश्वास सांभाळण्यात फार बिझी होती."

पाळकसाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी सहा करंज्या खाल्ल्या, चांदणीचा प्लग स्वतः काढला आणि म्हणाले, "ताई, शब्द प्रार्थनेचा दिला होतात. तो पाळा. फराळाचं डिसेंबरात बघू."

दुसऱ्या दिवशी चारला मी मेथीची जुडी घेऊन बायकांमध्ये बसले. सासूबाई म्हणाल्या, "आज सुनंदा मागेल." झालं! साडेतीन महिन्यांची तुंबलेली प्रार्थना माझ्या तोंडून सुटली. चर्चसाठी मागितलं, देशासाठी मागितलं, नेरुळमधल्या एकेका सेक्टरसाठी मागितलं. भोईरकाकू घोरायला लागल्या. शेवटी सासूबाईंनी कोपरखळी मारली. "आमेन म्हण गं आता. त्याला बाकीची घरं पण बघायचीत."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे प्रार्थना अजून रोज चारला असते. आता मीच चालवते, नातवंडं समोर असतात, आणि ती छान दोन मिनिटांत संपते. दीड मिनिट देवासाठी. आणि उरलेलं अर्धं, एक डोळा किलकिला करून, कोण कोण आपल्याकडे बघतंय ते मोजायला!