मधली धूळ

आमच्या शेजारच्या सरांनी समोर आलेलं पहिलं कारण जन्मात कधी खरं मानलं नाही. आमटी अळणी लागली की ते वाटी घेऊन मधल्या दगडी गडग्यापलीकडून मला हाक मारायचे. मीठ कमी आहे की आपली जीभ बिघडली, याची खातरजमा झाल्याशिवाय मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही. आतून काकू म्हणायच्या, "तोवर भात निवतो, त्याचं कारण मी सांगू काय?"

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत, अठ्ठ्याण्णव साली, पेपरात ती बातमी आली. फार दूरवर स्फोट होऊन फुटणारे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात. म्हणजे ते अंदाजापेक्षा लांब आहेत, म्हणजे विश्व वाढत्या वेगानं पसरतंय. सरांना ही घाई पटली नाही. आधी मधली धूळ बघा, मग ताऱ्याच्या दिव्यातच दोष आहे का ते बघा, दोन्ही नसेल तरच तारा लांब म्हणा, असं ते मला चहा निवेपर्यंत समजावत. मी हिशेब खात्यातला माणूस. मला ही रीत पटायची.

चार-पाच वर्षांनी त्यांना पडवीतून दिसणारा दीपगृहाचा दिवा मंद वाटू लागला. त्यांनी पडवीच्या खिडकीच्या काचेवर बसलेला खाऱ्या हवेचा थर पुसला. पावसाळा सरून हवा स्वच्छ होण्याची वाट पाहिली. मग रिक्षा करून थेट दीपगृहावर गेले. तिथल्या माणसानं दिवा पूर्वीचाच असल्याचं सांगितलं. मला तर तो पहिल्यासारखाच दिसत होता. तसं म्हणालो, तर सर हसले. "तुझी साक्ष धरता येत नाही. तुला चष्मा आहे." काकू डोळे दाखवून या म्हणाल्या, पण चष्मा त्यांनाही होता. साठी उलटून चष्मा न लागलेला आमच्या आळीत एकच माणूस, आणि त्याचा सरांना फार अभिमान.

यात वर्ष गेलं. एका सकाळी स्वतःच्याच अंगणातली पायरी न दिसून ते पडले, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आला असतात तर राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात सर एवढंच बोलले, "आमटीच्या वेळी जीभ तपासत होतो रे." काकूंनी 'मी सांगत होते' हे शब्द कधी उच्चारले नाहीत. त्यांनी ते एकदा म्हणून टाकले असते, तर मला बरं वाटलं असतं.

राहिलेली नजरही पुढे हळूहळू गेली. आता पेपर मी वाचून दाखवतो. एकदा त्याच ताऱ्यांबद्दल आलं होतं: मधे धूळ असती तर त्याहून लांबचे तारे आणखीच मंद दिसले असते, पण ते तसे दिसत नाहीत. सरांनी तेवढा भाग परत वाचायला लावला. "म्हणजे धूळ नव्हती," म्हणाले, आणि बराच वेळ हातातली काठी फिरवत बसले.

तिन्हीसांजेला आम्ही पडवीत असतो.

"दिवा लागला काय रे?"

"लागला, सर."

"कसा दिसतो?"

"पहिल्यासारखाच."

"बरं," म्हणतात. हल्ली माझी साक्ष चालते.